रूपीनं नाव घेतलं

भूत दारात आलं तर त्याला आधी जेवायला का विचारलं नाही, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसानं विचारला. रूपीनं. पुस्तक परत करताना, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, अगदी तक्रारीच्या सुरात. जसं काही ती कादंबरी मीच लिहिली होती.

डहाणू रोडला, स्टेशनापासून जवळच, आमचं वाचनालय आहे. खाली औषधाचं दुकान, वर आम्ही. निवृत्त मंडळी सकाळी पेपर वाचायला येतात आणि पंख्याखाली डुलक्या काढतात. पुस्तकं घरी नेतात त्या पोरी, आणि त्यांचा सगळा जीव एकाच कपाटात. तरुण मुलींसाठी लिहिलेल्या, भुताखेतांच्या प्रेमकथा. मुखपृष्ठावर धुकं, धुक्यात एक मुलगी आणि तिच्या मागे एक देखणा मुलगा, जो हयात नाही. आतला मजकूरही ठरलेला. मुलगी हिल स्टेशनच्या वसतिगृहात नुकतीच दाखल झालेली, आईवडिलांशी न पटणारी. मुलगा शंभर वर्षांपूर्वी तिथल्या तळ्यात बुडालेला, पण केसांची ठेवण मात्र आजची. अभ्यास दोघंही करत नाहीत. मला ही पुस्तकं मुळीच आवडत नाहीत, आणि पुस्तक हातात देताना मी तसं प्रत्येकीला सांगते. त्या हसतात आणि नेतात.

रूपी कॉलेजातली नव्हती. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली आणि सरावलीला फुग्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलेली. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पांढरी पावडर लावतात. ती पावडर हिच्या नखांत, कानामागे, भुवयांवर सुद्धा असायची. पुस्तकांच्या कडांवर तिची बोटं उमटायची आणि मी ओरडायचे. ती ओढणीनं पुसायची, मग ते जास्तच पसरायचं. अंगानं बारीक, बोलायला लागली की थांबायची नाही, आणि हसली की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

"बाई, तो केवढ्या लांबून आला," ती म्हणाली होती. "मेल्यावर परत येणं काय सोपं हाय? आणि ही बया किंचाळते, पडते. पाणी तरी द्यायचं ना त्याला."

"अगं, भूत आहे तो."

"मग? भूत झाला म्हणून भूक मेली त्याची?"

मला हसू आलं. पण ती थट्टा करत नव्हती. तिचा जन्म तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. तिथं माणूस गेलं की पुढं त्याचा 'दिवस' करतात. भगत थाळी वाजवत गाणी म्हणतो आणि मेलेलं माणूस कुणाच्या तरी अंगात येतं. येतं म्हणजे कुणाच्या मानगुटीवर बसायला नाही, घरी येतं. पाणी मागतं, आपल्या माणसांची नावं घेऊन चौकशी करतं, रडतं, रडवतं, आणि मग त्याला नीट वाटेला लावतात. रूपीची आजी आली होती तेव्हा तिनं म्हणे आल्या आल्या सगळ्यांना झापलं होतं, की कोंबड्या झाकल्या का नाहीत. हे सांगताना रूपीचे खांदे हलत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा भूतप्रेम वगैरे ज्या गोष्टीवर आमच्या शहरी लेखिका पानंच्या पानं अंगावर काटा आणतात, ती रूपीच्या घरची रोजची नसली तरी ओळखीची बाब होती. तिला त्या पुस्तकांतलं भूत नवं नव्हतं. नवं होतं ते प्रेम. मुलगा मुलीचा हात हातात घेऊन तिला काय वाटतं ते विचारतो, ती रुसते, तो समजूत काढतो, आणि दोघं एकमेकांना नावानं हाक मारतात, हे सगळं तिला अप्रूप होतं. तळ्यात बुडालेल्या त्या मुलाच्या कादंबरीमालिकेत तर दर भागात एक प्रसंग ठेवलेला आहे. नायिका काठावर उभी राहून त्याला नावानं हाक मारते आणि तो पाण्यातून वर येतो. दुसऱ्या कुणाच्या हाकेला येत नाही, फक्त तिच्या. ही पानं रूपीनं इतकी वाचली की तिथं पुस्तक आपोआप उघडायला लागलं.

नविन तिला कारखान्याच्या रस्त्यावर भेटला. तो तलासरीच्या पुढच्या झरी गावचा. सरावलीजवळच्या एका चिकूच्या वाडीत पाणी सोडणं, फवारणी, चिकू उतरवणं असं काम करायचा. उंच, लाजरा, आणि पुस्तकाचा शत्रू. रूपीला सुट्टी नसली की तिची पुस्तकं बदलायला तो यायचा. पुस्तक दोन बोटांत धरून काउंटरवर ठेवायचा आणि विचारायचा, "आज कंचं भूत देता?" एकदा मी म्हटलं, तू पण वाच की. तर म्हणाला, "ती मोठ्यानं वाचून दाखवते ना. मी दुसऱ्या पानाला झोपतो. मग मना उठवून परत पहिल्यापासून वाचते." हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता की मी उगीच रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

दोघं सरावलीला एका भाड्याच्या खोलीत राहायला लागली. लग्न झालं नव्हतं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांना मी आधीच सांगून ठेवते. त्यांच्याकडे मुलगा-मुलगी आधी संसार मांडतात, लग्नाचा विधी जमेल तेव्हा होतो. कधी कधी बापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागतं. नविनच्या घरच्यांनी ठरवलं होतं की धाकट्या दिपकचं जमलं की दोघा भावांचं एकदम उरकू. रूपीचं माहेर असं उरलं नव्हतं. आई लहानपणी गेलेली, बापानं वलसाडकडे दुसरं घर केलेलं. त्यामुळे घाई करणारंही कुणी नव्हतं.

खोलीत ती त्याला नविन म्हणायची. पुस्तकात म्हणतात तसं. आमच्याकडे लग्नात उखाण्यातून एकदा नाव घ्यायला लावतात आणि मग जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलं का' वर भागवावं लागतं. तिनं उखाण्याचीही वाट पाहिली नाही. सुरुवातीला तो इतका लाजायचा की बाहेर जाऊन उभा राहायचा. मग त्याला सवय झाली. मग तर ती रागावून "ओ, ऐकता का" म्हणाली की तो घाबरायचा, आज काय चुकलं म्हणून.

झरीला ती त्याच्याबरोबर दोनदाच गेली. पहिल्या खेपेला अंगणात बायका नागली पाखडत होत्या आणि हिनं सवयीनं हाक मारली, "नविन, पाण्याचा हंडा कुठं ठेवू?" पाखडणारे हात थांबले. एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. नविनची आई हिराबाई उठून जवळ आली, तिनं हिच्या हातातला हंडा घेतला आणि हळूच म्हणाली, "पोरी, दादल्याचं नाव नाय घेत. आयुष कमी होतं त्याचं."

रूपीनं हे मला हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले. दुसऱ्या खेपेला ती तिथं दिवसभर गप्प राहिली आणि परत येताना गाडीत बसल्या बसल्या साठवून ठेवलेल्या 'नविन'च्या सगळ्या हाका एकदम मारून टाकल्या, असं नविननं मला सांगितलं.

तो गेला माघात. वाडीतल्या पंपाची वायर कुठंतरी उघडी पडली होती. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून त्यानं बटण दाबलं. एवढंच. माणूस जायला फार काही लागत नाही. रूपी तेव्हा कारखान्यात होती. वाडीतल्या लोकांनी त्याच्या मोबाइलमधून घरी, झरीला फोन लावला, कारण घर म्हणजे झरी. सरावलीची खोली कुणाच्या डोक्यात आली नाही. दवाखान्यातून त्याला परस्पर गावी नेलं. हिला संध्याकाळी रस्त्यावर कुणीतरी सांगितलं. ती मिळेल त्या गाडीनं झरीला पोचली तोवर नदीकाठी सगळं आटोपून माणसं घरी परतत होती.

तिला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही.

नंतर ती वाचनालयात आली तेव्हा तिच्या भुवयांवर पावडर नव्हती. कामावर जात नव्हती. पुस्तक मागितलं नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई, माझ्यानं तर नाय ना गेला तो?"

"तुझ्यानं कसा जाईल?"

"नाव घ्यायची ना मी. रोज. किती वेळा."

मी चिडले. मला रडू येतं तेव्हा मी आधी चिडते. मी तिला वायरीचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, वाडीच्या मालकानं साधी रबरी चप्पल दिली नाही ते सांगितलं. विजेला नावं कळत नाहीत, म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाली, "तरी त्याला विचारायला पायजे."

त्याला म्हणजे नविनला. झरीला त्याचा दिवस धरला होता. दिपकनं फोन करून कळवलं होतं. पोरगा भला. रूपीला आता एवढंच हवं होतं. नविन येईल. सगळ्यांना विचारेल. मग हिच्याबद्दलही विचारेल, रूपी कुठं आहे म्हणून. त्यानं एकदा विचारलं की झालं. पाड्यासमोर ती त्याची बायको ठरेल, त्याच्यासाठी बांगड्या फोडायचा, उघड रडायचा हक्क तिला मिळेल. आणि मग ती त्याला विचारेल, माझ्यावर राग तर नाही ना तुझा. हे ती मला बोलून दाखवत होती ते एखाद्या लेकरानं जत्रेत काय काय करायचं ते सांगावं तसं, बारीकसारीक सगळं ठरवून.

"तुम्ही याल ना बाई? माझ्या बाजूनं कोणीच नाय."

मी गेले.

तलासरीच्या पुढं आम्ही इको गाडीतून उतरलो आणि पायवाटेनं पाड्यावर गेलो. सकाळची वेळ होती, उन्हं नुकतीच चढायला लागली होती. कुडाचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, चुलाण्यावर भाताचं मोठं पातेलं. माणसं बरीच जमली होती. हिराबाईनं रूपीला पाहिलं, जवळ घेतलं, दोघी रडल्या. हिराबाई वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तिचा राग येईल. तिनं मला बसायला गोणपाट दिलं आणि रूपीला माझ्याशेजारी, बायकांच्या घोळक्यात, पण जरा मागच्या बाजूला बसवलं. पुढं घरच्या बायका होत्या. रूपीला घरची म्हणावं की पाहुणी, हे बहुधा हिराबाईलाच कळत नव्हतं.

भगत म्हातारा होता. थाळीवर काडी ओढत एकसुरी गायला लागला. गाणं मला कळत नव्हतं, पण त्या आवाजानं छातीत काहीतरी घुमायला लागलं, हे खोटं कशाला बोलू. बऱ्याच वेळानं नविनचा चुलता, बाबल्या, समोर बसलेला, थरथरायला लागला. त्याची मान खाली गेली. बायकांत हुंदका फुटला. रूपीनं माझं मनगट धरलं.

"मना तहान लागली," बाबल्या म्हणाला. आवाज त्याचाच, पण बारीक झालेला.

हिराबाईनं पाणी पाजलं. "आलास रे बाबा," ती म्हणाली, "दमलास का रे." आणि मग मी जन्मात विसरणार नाही असं बोलणं सुरू झालं. तो आईला म्हणाला, रडू नको, तुझे गुडघे दुखतात, बसून राहू नको गारठ्यात. दिपकला म्हणाला, लाल बैलाच्या खुराला जखम आहे, बघितलीस का? दिपक ओक्साबोक्शी रडत हो हो म्हणाला. बहिणीचं नाव घेतलं, तिच्या पोराचं घेतलं. शेजारच्या तुक्याला सांगितलं, माझी कोयती तुझ्याकडं आहे, ती तूच ठेव. काही माणसं रडता रडता हसली. मी पेपर वाचणाऱ्यांतली बाई, मला या सगळ्याचं काय करावं ते कळेना. मी फक्त रूपीकडं बघत होते. दर नावाला ती किंचित पुढं सरकत होती. आता माझं, आता माझं.

तिचं नाव येत नव्हतं.

त्यानं ताडाच्या झाडाचं विचारलं. कुत्र्याचं विचारलं. मग हिराबाईनं भात आणि उडदाची डाळ त्याच्या तोंडाला लावली. भगताची काडी थाळीवर हळू फिरायला लागली. मला कुणी सांगायची गरज नव्हती, निरोपाची वेळ कशी असते ते कुठल्याही भाषेत कळतं. कुणीतरी हिराबाईच्या कानाशी लागून मागच्या बाजूला बोट दाखवलं. हिराबाई वळली, रूपीकडं बघितलं, तिच्यासाठी जागा करायला हात पुढं केला. मला खरंच वाटतं, ती तिला पुढं घेणार होती. आणखी थोडा दम धरायला हवा होता.

पण रूपीला तो चाललेला दिसला. ती उठून उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"नविन!"

साध्या आवाजात नाही. तळ्याच्या काठावरून मारतात तशी, सगळा जीव गोळा करून. थाळीवरची काडी थांबली. बाबल्यानं मान वर केली, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"नाव कोण घेतं?"

"मी... मी रूपी."

तो म्हणाला, "दादल्याचं नाव कोण घेतं का? बायको नाय ती." आणि आईकडं वळून विचारलं, "आये, ही कोणाची पोर?"

बाबल्या आडवा झाला. लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो उठून बसला तेव्हा पुन्हा बाबल्या होता, घामेजलेला, भांबावलेला, काय झालं ते इतरांना विचारणारा. नविन गेला होता.

रूपी उभीच होती. तिच्या आजूबाजूच्या बायका सरकल्या होत्या, कुणी ढकललं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसती जागा मोकळी झाली. एक म्हातारी मात्र पुटपुटली, "आजून नाव घेते, जीव घेतला तरी पोट नाय भरलं." मी त्या म्हातारीकडं असं बघितलं की ती गप्प बसली. पण रूपीनं ते ऐकलं होतं.

जेवणं झाली. आम्हाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं, चांगलं वाढलं, आग्रह केला. निघताना हिराबाईनं पानात गुंडाळून भात दिला वाटेसाठी, लांबून आलेल्याला देतात तसा. रूपीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नीट जा गं, बाय." ये म्हणाली नाही.

परतीच्या गाडीत माझा संताप उसळत होता. आम्ही अगदी मागच्या सीटवर होतो, पुढं दोन माणसं गुजरातीत चिकूच्या भावावरून हुज्जत घालत होती. मी तिला म्हटलं, हे बघ, त्या बाबल्यानं तुला आयुष्यात धड बघितलेलं नाही. त्याला बैल माहीत, कोयती माहीत, तुझं नाव कुठून माहीत असणार? त्याच्या तोंडून तू कशी येशील? तो नविन नव्हता, रूपे. तो त्याचा चुलता होता, भोळा माणूस, लोकांनी त्याच्या अंगात आणलं. नविननं तुला एका हाकेत ओळखलं असतं.

मला वाटलं, यानं तिला बरं वाटेल. ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं वळली, आणि तिनं माझी समजूत काढायला घेतली.

"नाय बाई. तोच होता. खरा होता."

"कशावरून?"

"मेलेलं माणूस आपल्या घरी येतं. त्याचं घर झरी. तिथं त्याची आय हाय, बैल हाय. तिथलं सगळं आठवलं त्याला." मांडीवरचं भाताचं पान ती बोटांनी सारखं करत होती. "सरावलीची खोली भाड्याची. तिथलं कसं आठवेल?"

मी तिचा हात धरला. थंड होता. त्या पुस्तकांत भुताचे हात थंड असतात. इथं तर जिवंत बाईचा हात गार पडला होता. डहाणू येईपर्यंत मी तो सोडला नाही.

मला त्या लेखिकांपैकी एक जरी भेटली असती त्या दिवसांत, तरी मी तिला खुर्चीत बसवून विचारलं असतं. बाई गं, तुझ्या नायिकेची हाक दर भागाला पोचते. न पोचलेल्या हाकेचं काय करायचं, ते एखाद्या भागात लिही की. पण त्यांची काय चूक म्हणा. त्यांनी तळं लिहिलं, झरी लिहिली नाही. रूपीनं दोन्ही वाचलं होतं, आणि दोन्ही खरं मानलं होतं. तळ्याच्या काठावर नावानं हाक मारणारी खरी प्रेयसी असते, आणि झरीच्या अंगणात नावानं हाक मारणारी बायकोच नसते. एकाच हाकेत ती दोन्ही झाली. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर यातली एक तरी गोष्ट खोटी आहे म्हणून मोकळं झालं असतं. तिला ते जमलं नाही.

ती पुन्हा कामावर जायला लागली. भुवयांवर पावडर परत आली. खोली सोडली नाही. पुस्तकंही पुन्हा न्यायला लागली, त्याच कपाटातली. आता मात्र ती त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. भूत जेवलं की नाही विचारत नाही. मीच एकदा मुद्दाम विचारलं, काय गं, या पुस्तकातल्या बयेनं पाणी तरी दिलं का? ती म्हणाली, "दिलं बाई," आणि दुसरं पुस्तक शोधायला लागली. मी बघितलं नंतर. पूर्ण पुस्तकात कुणी कुणाला पाणी दिलेलं नाही.

परवा ती कारखान्यातल्या एका नव्या पोरीला घेऊन आली. जयवंती नाव तिचं. तिला सभासद व्हायचं होतं. बडबडी, अगदी रूपी होती तशी. मी तिला ती पुस्तकं मला किती नावडतात ते सांगत होते आणि ती कपाटातली सगळी मुखपृष्ठं एकेक करून बघत होती. एका मुखपृष्ठावरच्या मुलाकडं बोट दाखवून तिनं सहज विचारलं, "रूपीताई, तुझा नवरा दिसायला कसा होता गं? नाव काय त्याचं?"

मी हातातलं काम थांबवलं. रूपीनं कपाटाचं दार धरलं. उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. ज्या नावानं तिनं त्याला पहाटे उठवलं, रागावली, हसवलं, ज्या नावासाठी तो लाजून खोलीबाहेर उभा राहिला, ते नाव. तिनं ते गिळलं. ओढणी डोक्यावरून पुढं ओढली, घरच्या बायका ओढतात तशी, आणि माझ्याकडं वळली.

"बाई, तुम्ही सांगा."

"नविन," मी सांगितलं.

जयवंती खळखळून हसली. "अगं, बाईंना कशाला सांगायला लावतेस? तूच सांग की."

"मी कशी सांगू?" रूपी म्हणाली. "दादला हाय तो माझा."